वाहन सुरक्षा मानके : आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि सोलापूर

रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाचे ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, टायर आणि सांगाडा कोणत्या कसोटीला उतरले पाहिजेत, हे अनेक देशांनी एकत्र बसून ठरवण्याची पद्धत. या कामाचे मुख्य ठाणे जिनीव्हा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने १९५२ मध्ये त्यासाठी कार्यगट नेमला. २००० पासून त्याला वाहन नियमांच्या सुसूत्रीकरणाचा जागतिक मंच असे नाव आहे.

मंचाचे दोन करार महत्त्वाचे. १९५८ च्या करारानुसार एका सदस्य देशाने मंजूर केलेला सुटा भाग दुसरा देश पुन्हा न तपासता स्वीकारतो. हेडलाइटच्या काचेवर वर्तुळातले ‘ई’ हे रोमन अक्षर आणि शेजारी आकडा दिसतो, ती त्या मंजुरीची खूण. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. १९९८ च्या करारात नियम सगळ्यांनी मिळून लिहायचे, पण मंजुरी ज्याची त्याने द्यायची. भारत २००६ मध्ये या दुसऱ्या करारात सामील झाला, पहिल्यात नाही. आपल्याकडे वाहनांची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ खाली होते आणि चाचण्या पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६) यासारख्या संस्था घेतात. तरी आपली मानके जिनीव्हाच्या मानकांच्या जवळ येत गेली आहेत. नव्या मॉडेलच्या मोटारींना समोरून व बाजूने धडकेची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून, तर १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१८ पासून सक्तीचे झाले.

सोलापुरात हा विषय कागदावरचा राहत नाही. पुणे–हैदराबाद (६५) आणि धुळे–विजयपूर (५२) हे राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. कर्नाटक, तेलंगणा, गुजरातचे ट्रक रात्रंदिवस जातात. सोलापूरचा दुचाकीस्वार परराज्यात पासिंग झालेल्या ब्रेकच्या भरवशावर घरी पोहोचतो. एका ठिकाणच्या तपासणीवर दुसऱ्याने विश्वास ठेवायचा, ही १९५८ च्या करारामागची कल्पना इथल्या रस्त्यावर रोजच जगली जाते.

सगळ्यात बोलके उदाहरण उसाच्या ट्रॉलीचे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर अग्रभागी आहे. गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर ऊस जातो. ट्रॉलीच्या मागचा लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर ही आंतरराष्ट्रीय सहमतीतून आलेली वस्तू आहे. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात त्याची बाजू १५ ते २० सेंटिमीटर आणि टोक वर, असे लिहिलेले आहे. त्रिकोण अशासाठी, की मागून येणाऱ्याला अंधारातही कळावे : पुढे नुसते वाहन नाही, जोडून ओढलेले काहीतरी आहे. स्वच्छ हवेत तो १५० मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाला हे अंतर सात सेकंदांच्या आत संपते. म्हणजे रिफ्लेक्टरने दिलेली सवलत तेवढीच आहे, आणि मागे लोंबलेल्या उसाने तो झाकला की तीही जाते. मालवाहू वाहनांच्या चकाकत्या पट्ट्यांचेही तसेच. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी, हा संकेत ठरलेला आहे. लोक तिला ‘रेडियम’ म्हणतात. चिखलाने माखलेले रेडियम कसोटीला कितीही उतरलेले असले तरी दिसत नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांच्या गव्हाणीबाहेर (जिथे ऊस गाळपासाठी टाकतात) रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात. त्या हंगामाच्या मध्यावर पुन्हा व्हायला हव्यात, कारण पट्ट्या तोवर निघालेल्या असतात.

पंक्चर झालेल्या किंवा आस तुटलेल्या ट्रॉलीभोवती दगड आणि झाडाच्या फांद्या मांडण्याची रीतही इथे आहे. नियम त्या जागी चकाकता त्रिकोण मागतो. ट्रॉली निघून जाते आणि दगड मात्र रस्त्यात राहतात, हा त्या रीतीतला जीवघेणा दोष.

पायी चालणाऱ्यांचा विचार जागतिक नियमावलीत उशिरा आला. बॉनेट व बंपरची रचना पादचाऱ्याला कमी इजा करणारी असावी, हा नियम २००८ चा. पंढरपूरची वारी आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणारे भाविक पाहिले, की त्याचे मोल समजते. मोटारीला पुढे लोखंडी गार्ड बसवला, तर ही रचना निरर्थक ठरते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१–२०३० हे दशक रस्ते सुरक्षेला दिले असून मृत्यू व जखमींची संख्या निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले आहे. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली.

ऊसतोड मजुरांची बैलगाडी या सगळ्याच्या बाहेर आहे. ती मोटार वाहन नाही, म्हणून तिला पासिंग नाही, चाचणीही नाही. पहाटेच्या अंधारात तिच्या मागे रेडियमचा तुकडा असतो तो गाडीवानाने किंवा कारखान्याने लावलेला, आणि नसतो तेव्हा मागच्या वाहनाला आधी गाडी दिसते ती हेडलाइटच्या उजेडात, अगदी जवळ आल्यावर.