कॅसेट चालते ती फुंकर मारल्याने नव्हे

जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, गेम सुरू झाला नाही की कॅसेट काढायची, पिनांवर फुंकर मारायची, परत लावायची. चालला की श्रेय फुंकरीला! खरं काम होतं ते काढून पुन्हा लावण्याने: पिना घासल्या जातात, किंचित वेगळ्या जागी टेकतात, संपर्क जुळतो. फुंकरीतून जातो तो फक्त ओलावा, आणि वर्षानुवर्षं तेच केलं तर पिना गंजतात. असे कन्सोल बनवणाऱ्या खुद्द निन्टेंडोनेही फुंकू नका असंच सांगितलंय.

१९८५ साली अमेरिकेत आलेल्या एनईएस या निन्टेंडोच्या कन्सोलमध्ये ही भानगड जास्त. कॅसेट आत सरकवून खाली दाबायची. त्याने कन्सोलच्या आतल्या, कॅसेट जिथे बसते त्या ७२ पिनांच्या कनेक्टरचे संपर्क सैल होत जातात. त्यात कॅसेट अस्सल आहे का ते तपासणारी लॉकआउट चिप. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचा संवाद तुटला की कन्सोल साधारण दर सेकंदाला रीसेट होतो. लाल दिवा लुकलुकतो तो म्हणून. गेम बिघडलेला असेलच असं नाही.

साफ करायला ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरे. काडी ओलसर हवी, ठिबकणारी नको. पिनांच्या लांबीच्या दिशेने, दोन्ही बाजूंनी, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत पुसा. पूर्ण वाळल्यावरच लावा. सँडपेपर मुळीच नको, सोन्याचा मुलामा निघतो.

इतकं करूनही दिवा लुकलुकला तर दोष बहुधा कनेक्टरचा. तो काढून पाण्यात उकळला आणि नीट वाळवला तर पुष्कळदा सुधारतो. बाजारातले नवे कनेक्टर मात्र कधीकधी कॅसेट इतकी घट्ट धरतात की ओढून काढावी लागते.