द्राव्य आणि द्रावकातली आंतररेण्वीय बलं

पाण्यात साखर विरघळते आणि तेल वर तरंगतं, ह्या दोन्हीत हिशोब एकच असतो, द्राव्याचे (जे विरघळतं त्याचे) कण आपापसात किती ओढ धरून आहेत, द्रावकाचे (ज्यात विरघळतं त्याचे) रेणू आपापसात किती, आणि मिसळल्यावर ह्यांची त्यांच्याशी किती. ही ओढ रेणूच्या आतल्या रासायनिक बंधापेक्षा बरीच कमजोर असते, म्हणून तर पाणी आटवलं की साखर परत साखरच मिळते.

मिठाचं उदाहरण मला सगळ्यात भारी वाटतं. साडेअठ्ठावन्न ग्रॅम, म्हणजे १ मोल मिठाचे आयन (सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभारित कण) एकमेकांपासून पूर्ण सुटे करायला साधारण ७८७ किलोज्यूल लागतात, पाण्याचे रेणू सोडियमकडे ऑक्सिजनची बाजू आणि क्लोराइडकडे हायड्रोजनची बाजू करून गराडा घालतात आणि त्यातून जवळपास तेवढीच ऊर्जा परत मिळते, फक्त ४ किलोज्यूलच्या आसपास कमी पडते, ती पाण्यातून घेतली जाते म्हणून पाणी किंचित गार होतं. तरीही मीठ विरघळतं, कारण आयन मोकळे पसरल्याने एन्ट्रॉपी (कण किती तऱ्हांनी पसरू शकतात त्याचं माप) वाढते. नुसती ओढ बघून विरघळण्याचा अंदाज बांधू नये तो ह्यामुळेच.

तेल पाण्याला ढकलतं असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाहीये. तेल आणि पाण्याच्या रेणूंत लंडन बलं असतातच (इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकल्याने सगळ्याच रेणूंत येणारी कमजोर ओढ, फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये उलगडा केला ती), फक्त पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी (एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ) एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तेलाला आत जागाच मिळत नाही. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात बऱ्यापैकी विरघळतं, फोडणीत हळद टाकली की तेलाला पिवळा रंग चढतो तो त्याचाच.

अल्कोहोल मात्र पाण्याशी हायड्रोजन बंध करतं, दोघांचे रेणू जवळजवळ बसतात, म्हणून ५० मिली पाणी आणि ५० मिली इथेनॉल एकत्र केलं तर १०० नाही, ९६-९७ मिलीच भरतं.

अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म मिसळले की भांडं हाताला गरम लागतं. क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन अ‍ॅसिटोनच्या ऑक्सिजनला धरतो, रेणू वाफ होऊन सुटायला जड जातात, आणि म्हणून एकटं अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, एकटं क्लोरोफॉर्म ६१ ला, पण ठराविक प्रमाणातलं मिश्रण ६४ च्याही थोडं पुढे.

ही ओढ डोळ्यांनी बघायची तर आयोडिन घ्यावं. हेक्सेनमध्ये ओढ कमजोर, म्हणून त्याच्या वाफेसारखाच जांभळा रंग राहतो, इथेनॉलमध्ये ऑक्सिजनशी जवळीक झाल्यामुळे तेच आयोडिन तपकिरी दिसतं.