आग्नेयेला साडेसत्तावन्न अंश

नाशिकमध्ये सिडको, सातपूर किंवा नाशिकरोडच्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर अजूनही कुठे कुठे ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांचा जुना अँटेना दिसतो; कांड्या वाकलेल्या, चपटी वायर कठड्यावरून लोंबणारी, आणि त्याच्याच शेजारी डिशची राखाडी छत्री. त्या कांड्यांना आता पकडण्यासारखे काही उरलेले नाही, कारण दूरदर्शनने जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारे आपले जुने ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केले. मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत सुरू झाले. त्यांत मुंबई होती, तेव्हाचे औरंगाबाद होते, नाशिक मात्र नव्हते. त्यामुळे महिन्याचे भाडे न भरता घरी डिजिटल टीव्ही पाहू इच्छिणाऱ्या नाशिककराला अँटेना निवडायचा म्हणजे डीडी फ्री डिशची छत्रीच निवडायची असते. ती बसवणे हे अनुभवी हाताचे कसब असते आणि आपल्याला त्यातले काही कळणार नाही, असे बहुतेक घरांत धरून चालतात. मला हे मान्य नाही. छत्रीचे सगळे गणित तीन कोनांत मावते, ते कोन शाळेतल्या भूमितीने काढता येतात, आणि घरातल्या टेपने व गवंड्याच्या ओळंब्याने तपासता येतात.

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. इस्रोचा हा ३,१६४ किलो वजनाचा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ रॉकेटने सोडला गेला आणि तो विषुववृत्ताच्या बरोबर वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीप्रदक्षिणेला लागणारा वेळ आणि पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागणारा वेळ एकच असतो, म्हणून गच्चीवरून पाहता हा उपग्रह आकाशात एका जागी खिळल्यासारखा राहतो. तसे नसते तर छत्री दिवसभर फिरवत बसावी लागली असती. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. उपग्रह आपल्या दक्षिणेला तर आहेच, शिवाय जवळजवळ २० अंश पूर्वेलाही आहे. या दोन गोष्टींचा हिशेब केला की नाशिकहून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजता १३४ अंश येते. आग्नेय म्हणजे १३५ अंश; तेव्हा नाशिककरापुरते उत्तर एका शब्दात सांगता येते. शहरातून सिन्नर ज्या बाजूला आहे त्या बाजूला तोंड करून थोडे उजवीकडे वळले की उपग्रह समोर येतो. त्याची क्षितिजापासूनची उंची साडेसत्तावन्न अंश आणि आपल्यापासूनचे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३६,६०० किलोमीटर.

ही उंची नाशिककराच्या फायद्याची आहे. समोरच्या इमारतीची आड येईल का, ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची पहिली शंका असते. साडेसत्तावन्न अंशांवर पाहायचे असेल, तर छत्रीच्या पातळीपेक्षा १० मीटर उंच असलेली भिंत साधारण साडेसहा मीटरपेक्षा जवळ असेल तरच आड येते. थोडक्यात, अडथळ्याची जेवढी उंची तिच्या सुमारे दोन तृतीयांश अंतर मोकळे असले की पुरते. म्हणून गंगापूर रोडच्या दाट वस्तीतही आग्नेयेकडे तोंड असलेल्या बाल्कनीतून काम भागू शकते, मात्र वरच्या मजल्याचा सज्जा पुढे आलेला नसावा. झाडाच्या बाबतीत सवलत घेऊ नये. पानांत पाणी असते आणि पाणी या लहरींना शोषून घेते; जानेवारीत विरळ वाटलेले झाड जुलैत भरगच्च होते.

दिशा होकायंत्राने पाहावी. नाशिकमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्ती करावी लागत नाही. परंतु फोनमधले होकायंत्र छत्रीच्या लोखंडी पाइपाजवळ आणि स्लॅबमधल्या सळयांवर हमखास चुकते. पाइपापासून दहा-बारा पावले दूर उभे राहून दिशा घ्यावी, त्या दिशेला लांबची एखादी पाण्याची टाकी किंवा मनोरा हेरून ठेवावा आणि छत्री त्या खुणेकडे वळवावी.

उंचीचा कोन लावताना मात्र छत्री डोळ्यांना फसवते. उपग्रह इतका वर असताना छत्री जणू समोरच्या घराच्या गच्चीकडे पाहते आहे असे वाटते, आणि हौशी माणूस ती आणखी वर उचलून सिग्नल घालवून बसतो. घरगुती छत्री हा पूर्ण वाडग्यासारखा पॅराबोला नसून त्याच्या एका बाजूचा कापलेला तुकडा असतो. पूर्ण वाडग्यात एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरची लहरी पकडणारी डबी, बरोबर मध्यावर, येणाऱ्या लहरींच्या वाटेत बसवावी लागते आणि तिची सावली पडते. बाजूचा तुकडा घेतला की केंद्र खालच्या कडेशी येते आणि वाट मोकळी राहते. म्हणूनच अशी छत्री रुंदीपेक्षा थोडी उंच असते, आणि या लांबटपणातच तिचा कोन दडलेला असतो. टेपने मोजावे: रुंदी ६० आणि उंची ६६ सेंटीमीटर भरली, तर ६० भागिले ६६ म्हणजे ०.९१, आणि ज्या कोनाचा कोसाइन ०.९१ आहे तो कोन सुमारे साडेचोवीस अंश. इतक्या अंशांनी ही छत्री स्वतःच वर पाहत असते. साडेसत्तावन्नातून साडेचोवीस वजा केले की उरतात ३३, म्हणजे छत्रीचे तोंड उभ्या रेषेपासून केवळ ३३ अंश मागे कललेले हवे. हे तपासायला महागडे यंत्र नको. वरच्या कडेच्या मध्यावरून मागच्या बाजूला ओळंबा सोडावा; अशा ६६ सेंटीमीटर उंचीच्या छत्रीत ओळंब्याची दोरी खालच्या कडेच्या मागे साधारण ३६ सेंटीमीटरवर यायला हवी. क्लॅम्पवर अंशांच्या खुणा कोरलेल्या असतील तर त्यांत ही वजाबाकी बहुधा आधीच धरलेली असते, तेव्हा तिथे थेट ५७ आणि ५८ यांच्या मध्ये काटा ठेवावा.

ओळंब्याचे महत्त्व मला सिडकोत मावशीच्या गच्चीवर पटले. एका मेकॅनिकने बसवलेली तिची छत्री जूनच्या पहिल्याच वादळात हलली होती. मी वर छत्री सरकवत होतो, मधल्या जिन्यात मामेभाऊ उभा होता आणि मावशी खालून पडदा पाहून सांगत होती, “आलं रे, आलं... गेलं!” पाऊण तास हेच चालले. डावीकडे अंशभर सरकवली की सिग्नल येई, आणि तो पक्का करायला पुन्हा उजवीकडे आणली की उंची बदलल्यासारखी होई. शेवटी शेजारच्या बांधकामावरून ओळंबा मागून आणला आणि पाइपाला लावला, तेव्हा मीटरभर उंचीच्या पाइपाचे वरचे टोक पाच सेंटीमीटर बाजूला गेलेले दिसले. म्हणजे जवळजवळ तीन अंश. पाइप तिरका असेल तर छत्री नुसती डावी-उजवीकडे फिरवतानाही तिची उंची बदलत जाते, आणि आपण एकाच वेळी दोन अज्ञात राशींचा पाठलाग करत राहतो. पाइप ओळंब्यात आणल्यावर दहा मिनिटांत काम झाले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की आधी पाइप दोन बाजूंनी ओळंब्यात घ्या, मगच छत्री चढवा. आणि गच्चीच्या स्लॅबला भोके पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटले की पावसाळाभर खालच्या खोलीचे छत गळते. कठड्याच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीत बोल्ट घ्यावेत.

तिसरा कोन एलएनबीचा, आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारे कंप पावतात, म्हणजे एकाच वारंवारितेवर दोन वेगळे कार्यक्रम पाठवता येतात आणि एलएनबीने त्यांतला हवा तो वेचायचा असतो. परंतु उपग्रहाचे ‘उभे’ हे उपग्रहाच्या रेखांशावरचे उभे आहे; आपण त्याच्या २० अंश पश्चिमेला असल्यामुळे आपल्याला ते तिरके दिसते, आणि नाशिकपुरता हा तिरकेपणा सुमारे ४३ अंश भरतो. एलएनबी सरळच ठेवली तर हव्या लहरीची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते आणि नको असलेली लहर तितक्याच जोराने आत शिरते. दिशा आणि उंची बरोबर असूनही क्वालिटी वर चढत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते. ज्या एलएनबीचे केबलचे तोंड मुळात सरळ खाली असते, ती छत्रीसमोर उभे राहून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावी, इतकी की केबल सहाच्या जागेवरून सात आणि आठ यांच्या मध्ये येईल. तिथून पुढे दोन-दोन अंश मागेपुढे करून पडद्यावरची क्वालिटी पाहावी.

क्वालिटी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. पहिली पट्टी केबलवाटे किती शक्ती येते एवढेच सांगते, त्यात नुसता गोंगाटही मोजला जातो. छत्री दुसऱ्याच उपग्रहाकडे वळलेली असली तरी स्ट्रेंथ भरघोस दिसू शकते. ९५ अंशांवर दुसऱ्या डीटीएच सेवेचा उपग्रह आहे, म्हणजे आपल्या उपग्रहापासून जेमतेम दीड अंशावर. एका अंशाची चूक तिथवर ६४० किलोमीटरची होते. म्हणून क्वालिटीवरच नजर ठेवावी. जुन्या ॲनालॉग चित्रात सिग्नल कमी झाला की मुंग्या येत आणि तरीही क्रिकेटचा सामना पाहता येई. डिजिटल चित्र सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी स्वच्छ राहते आणि त्याखाली गेले की आधी चौकोन दिसतात, मग चित्र अडकते. आज स्वच्छ दिसते एवढ्यावर समाधान मानले, तर त्या कड्याच्या टोकापासून आपण किती दूर आहोत हे पहिल्या पावसापर्यंत कळत नाही.

पाऊस अडवतो तो लहरींच्या आखूडपणामुळे. ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या या लहरींची लांबी सुमारे २.७ सेंटीमीटर असते. मोठ्या सरीतले थेंब काही मिलिमीटरचे असतात, आणि अशा अब्जावधी थेंबांतून वाट काढताना लहरींची शक्ती शोषली आणि विखुरली जाते. यावर उपाय हाच की कोरड्या दिवशी गरजेपेक्षा जास्त सिग्नल जमवून ठेवावा. छत्रीचा व्यास ६० वरून ९० सेंटीमीटर केला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि सिग्नलही तेवढाच वाढतो. शहरात आणि निफाडच्या बाजूला ६० सेंटीमीटरची छत्री पुरते. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे, जिथे पाऊस शहराच्या कित्येक पट पडतो, तिथे मी मोठीच घ्यायला सांगेन. मात्र मोठी छत्री वाऱ्यालाही मोठी असते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० सेंटीमीटरच्या छत्रीवर साधारण १७ किलो वजनाइतका रेटा बसतो, ९० सेंटीमीटरच्या छत्रीवर ४० किलोच्या जवळ. शिवाय मोठ्या छत्रीचा झोत अरुंद, सुमारे दोन अंशांचा असतो, म्हणून ती जास्त काटेकोर लावावी लागते. छत्री विकत घेताना पत्रा कुठे दबलेला नाही ना हे हात फिरवून पाहावे, कारण २.७ सेंटीमीटरच्या लहरीला चार-पाच मिलिमीटरचा पोचाही जाणवतो. एलएनबीच्या डब्यावर छापलेल्या, तिचा स्वतःचा गोंगाट किती कमी ते सांगणाऱ्या ०.१ डेसिबलसारख्या आकड्यांवर जास्त पैसे घालवू नयेत. तिचे पुढचे टोपण घट्ट आणि बिनचिरेचे आहे ना, हे अधिक महत्त्वाचे. बॉक्स मात्र एमपेग-४ ही चित्र दाबून पाठवण्याची पद्धत ओळखणाराच घ्यावा, जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत.

केबलबद्दल थोडक्यात. एलएनबी ११,०९० मेगाहर्ट्झच्या लहरीतून आपली ९,७५० मेगाहर्ट्झ वजा करून १,३४० मेगाहर्ट्झ खाली पाठवते, कारण मूळ लहर साध्या केबलमधून काही मीटरही धड टिकली नसती. त्याच केबलमधून बॉक्स वरती १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि एलएनबीला उभी की आडवी लहर हवी ते कळवतो. केबल ७५ ओहमची आरजी-६ घ्यावी, मध्ये जोड देऊ नये. एलएनबीपाशी ती खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते आणि कनेक्टरमध्ये उतरत नाही. पाइपाला अर्थिंग द्यावे, आणि ढग गडगडत असताना गच्चीवर जाऊ नये.

आता तपासणीची एक युक्ती, जी वर्षातून दोनदा फुकट मिळते. ११-१२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला आणि १-२ ऑक्टोबरच्या सुमारास सकाळी दहा पन्नासला सूर्य नाशिकवरून पाहता बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याच्या स्वतःच्या रेडिओ लहरी छत्रीत शिरतात, काही मिनिटे क्वालिटी खाली येते, कधी चित्र तुटते. त्यासाठी मेकॅनिकला बोलावण्याची गरज नसते. परंतु त्याच मिनिटांत ऊन ज्या वाटेने छत्रीवर येते तीच सिग्नलची वाट असते, तेव्हा छत्रीच्या पत्र्यावर जिथे सावली पडेल तिथे सिग्नलही अडतो आहे असे समजावे. मागच्या ऑक्टोबरमध्ये मी त्या वेळी मावशीच्या गच्चीवर जाऊन पाहिले. छत्री उन्हात लख्ख होती, फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यावर शेजारच्या नारळाच्या झावळीची सावली वाऱ्याबरोबर येत-जात होती. पाइप कठड्यालगत दोन फूट उजवीकडे घेतला, पुन्हा ओळंबा लावला, आणि अकरा वाजायच्या आत त्या कोपऱ्यावरही ऊन आले.