व्हिडिओ कॉलवरील मानसोपचार : पहिली भेट ठरवण्यापूर्वी

आमचे केंद्र साताऱ्यात असले, तरी आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण म्हसवड, दहिवडी, पाटण अशा ठिकाणांहून येतात आणि पाऊण तासाच्या बोलण्यासाठी त्यांचा कामाचा अख्खा दिवस मोडतो. त्यांना घरूनच भेट घेता यावी, म्हणून आम्ही व्हिडिओ कॉलची सोय ठेवली आहे. मात्र ही सोय प्रत्येक तक्रारीला चालते असे नाही. ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे आम्ही आपल्याला प्रत्यक्षच बोलावू, हे पैसे भरण्यापूर्वी आपल्याला माहीत असावे, यासाठी हे पत्रक काढले आहे.

आपल्याशी कोण बोलणार

मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचाराचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि आमच्याकडे औषध फक्त तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते मानसिक चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. समुपदेशक नातेसंबंध, परीक्षेचा ताण, शोक अशा प्रश्नांवर मदत करतात. ऑनलाइन जगात ‘थेरपिस्ट’ ही पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून आमच्याकडेच नव्हे तर कुठेही भेट घेताना नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. डॉक्टरांच्या बाबतीत तर केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असणे बंधनकारकच आहे.

घरातून बोलताना

उदासीनता आणि चिंतेच्या बहुतेक तक्रारींमध्ये व्हिडिओवरील उपचारांचा गुण प्रत्यक्ष भेटीइतकाच येतो, असे आजवरच्या संशोधनातून दिसते. काही बाबतींत तर घर हीच उपचाराची अधिक चांगली जागा ठरते. ज्यांना पुन्हा पुन्हा हात धुण्याची किंवा कुलूप तपासण्याची सक्ती जाणवते, त्यांना आमच्या खोलीत बसून त्या बेसिनचे आणि त्या कुलपाचे वर्णन करावे लागते. घरी असताना मोबाइल बेसिनसमोर उभा करून, सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली, नळ बंद करून तिथून बाजूला होण्याचा सराव जिथे अडचण येते तिथेच करता येतो.

अडचण येते ती एकांताची. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे पलीकडे टीव्ही पाहत असताना मनातले बोलणे सोपे नसते, याची आम्हाला कल्पना आहे. इअरफोन लावल्याने आमचे बोलणे इतरांना ऐकू जात नाही, पण आपले जाते. त्यामुळे दाराजवळ पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, गच्चीवर जावे किंवा उभ्या असलेल्या गाडीत बसावे. आपण गाडी चालवत असताना मात्र आम्ही भेट घेत नाही. कोणी अचानक खोलीत आले तर वापरायचा एक साधा सांकेतिक शब्द पहिल्याच भेटीत ठरवला जातो. तो उच्चारताच आमचे तज्ज्ञ विषय बदलतात. ज्यांना घरातल्याच व्यक्तीकडून त्रास आहे, त्यांच्यासाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे आणि अशा वेळी भेटीच्या आठवणीचा संदेश मोबाइलवर न पाठवण्याचीही सोय आहे.

प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला आपण त्या क्षणी कुठे आहात, तिथला पत्ता आणि जवळच्या एका विश्वासू व्यक्तीचा क्रमांक विचारला जातो. काहींना ही चौकशी वाटते. पण बोलता बोलता कोणाची प्रकृती गंभीर झाली, तर रुग्णवाहिका कुठे पाठवायची हे पडद्याकडे पाहून कळत नाही. कॉल तुटल्यास आम्ही साध्या फोनवर संपर्क करतो आणि उरलेली भेट आवाजावरच पूर्ण करता येते.

औषधे आणि तपासण्या

वरील मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही औषधे पहिल्या व्हिडिओ भेटीत देता येतात, काही केवळ प्रत्यक्ष तपासणीनंतरच्या फेरभेटीत, आणि काही दूरस्थ पद्धतीने मुळीच देता येत नाहीत. लक्ष केंद्रित न होण्याच्या विकारावरील मिथिलफेनिडेट हे शेवटच्या गटातले औषध आहे. चिंता कमी करणाऱ्या अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्याही याच गटात मोडतात. तेव्हा ‘जुनीच गोळी आहे, नुसती चिठ्ठी पाठवा’ ही विनंती आम्हाला नाकारावी लागते, ती नियमामुळे.

ज्या गोष्टी पडद्यावर दिसत नाहीत, त्या आम्ही पाहिल्यासारखे करणार नाही. मनोविकारावरील काही औषधांनी स्नायू ताठरतात. हा ताठरपणा डॉक्टरांनी रुग्णाचा हात स्वतः वाकवून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरणारे लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते आणि तीव्र मनोविकारावरील क्लोझापिन हे औषध सुरू केल्यावर पहिले काही महिने दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी लागते. रक्त आपल्या गावच्या प्रयोगशाळेत देता येईल, परंतु ठरावीक काळाने एक प्रत्यक्ष भेट आम्ही आग्रहाने मागतो.

ही सेवा कोणासाठी नाही

जीव देण्याचे विचार प्रबळ असतील, भास होऊन व्यक्ती आक्रमक झाली असेल किंवा तिने खाणेपिणे सोडले असेल, तर व्हिडिओ कॉलची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर तातडीची मदत मिळते. रोज भरपूर दारू पिणाऱ्या व्यक्तीने एकाएकी दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत फिट येणे, बरळणे, कापरे भरणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. घरच्यांना वाटते की सुटली ते बरेच झाले, पण ही वेळ समुपदेशनाची नसून दवाखान्यात दाखल करण्याची आहे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवे असल्यास सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. आमचा फोन रात्री बंद असतो.

गोपनीयता, मुले आणि परदेशातील नातेवाईक

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहणे हा आपला हक्क आहे. कोणाच्या जिवाला धोका असल्यास किंवा न्यायालयाने आदेश दिल्यास, अशा मोजक्या प्रसंगीच तिला अपवाद होतो. आम्ही कॉलचे रेकॉर्डिंग करत नाही आणि आपणही सांगितल्याशिवाय करू नये. भेटीच्या नोंदी मात्र ठेवाव्या लागतात. त्यांची प्रत आपण मागू शकता. नवऱ्याने, वडिलांनी किंवा नोकरीच्या ठिकाणच्या साहेबांनी विचारले म्हणून ती कोणाला दिली जात नाही, मग फी त्यांनी भरलेली असली तरीही.

१८ वर्षांखालील मुलांची भेट पालक किंवा जबाबदार प्रौढ व्यक्तीसह होते आणि त्या व्यक्तीची ओळखही पडताळली जाते. परदेशात राहणाऱ्या मुलामुलींसाठी ‘मराठीत बोलणारे कोणी हवे’ अशी विचारणा अनेकदा येते. आपल्याकडील टेलिमेडिसिनची तत्त्वे भारताबाहेरील सल्ल्याला लागू नाहीत आणि त्या देशाचे परवान्याचे नियम वेगळे असतात, म्हणून तिथे राहणाऱ्यांवर आम्ही उपचार करत नाही. इथल्या आईवडिलांच्या उपचारात मात्र, रुग्णाची संमती असल्यास, ही मुले तिथून कॉलवर सामील होऊ शकतात. त्यासाठी वेळ ठरवताना त्यांच्या देशाचे नाव कळवावे, म्हणजे त्यांच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्र होणार नाही हे पाहता येईल.