कॅम की क्लॅम? जुन्या होडीवरचे दोन चिमटे

इंदुरात शिडाची होडी घेतली म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "चालवणार कुठे, खान नदीत?" चालवणार भोपाळच्या बड्या तलावात. एकशे नव्वद किलोमीटर पडतात. होडी ट्रेलरवर बांधून पहाटे निघालं की ऊन चढायच्या आत पाण्यात उतरता येतं. पण तो दिवस उजाडेपर्यंत ती सहा महिने रामबागेत, आमच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. मी आणि माझा भाचा रोज संध्याकाळी चहा घेऊन तिच्याभोवती फिरायचो आणि एकमेकांना विचारायचो, हे काय असेल?

होडी एंटरप्राइझ वर्गाची. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली, लांबी १३ फूट ३ इंच, माणसं दोन, शिडं दोन. शिडं बहुधा निळी असतात आणि मोठ्यावर इंग्रजी ई काढलेला असतो. आमची मुंबईहून आली, म्हणजे आयुष्यभर खाऱ्या पाण्यात राहिलेली. आधीच्या मालकानं दोऱ्या काढून एका गोणीत कोंबल्या होत्या. त्यामुळे डेकवर नुसती उघडी लोखंडी-प्लास्टिकची चीजवस्तू उरली होती, आणि कुठली दोरी कुठे जाते याचा पत्ता नव्हता.

त्यातलं बरंचसं दोन दिवसांत ओळखू आलं. गुळगुळीत भोकाचं जाड कडं म्हणजे बुल्सआय, दोराची वाट वळवायला. डेकला घट्ट बसवलेली धातूची कमान म्हणजे पॅडआय, त्याला काहीही अडकवा. दोन शिंगांचा साधा क्लीट तर बंदरावर, धक्क्यावर सगळ्यांनीच पाहिलेला असतो, दोराचे आठच्या आकड्यासारखे वेढे घालायचा. घोळ झाला तो दोघांचा. दोघांचं काम एकच: ओढलेला दोर गाठ न मारता धरून ठेवायचा. दोघांनाही दात. नावंही अशी की घाईत ऐकलं तर फरक कळू नये: एक कॅम क्लीट, दुसरा क्लॅम क्लीट.

कॅममध्ये दोन जबडे असतात, समोरासमोर, आणि ते फिरतात. प्रत्येक जबडा आपल्या खिळीवर पण मध्यापासून जरा सरकवून बसवलेला, खाली छोटी स्प्रिंग. दोर आपल्याकडे ओढला की जबडे आपल्याकडे वळून वाट देतात. सोडला की दोर उलट जायला बघतो, दातांना धरून जबडे पलीकडे फिरवतो, आणि जबड्यांची जाड बाजू मध्ये येऊन त्यालाच आवळते. जितका ताण तितकी पकड. ट्रकवाले सामान कसायला जी पट्टी वापरतात तिच्यावर जे दातेरी बकल असतं, त्याची अक्कल हीच, फक्त तिथे जबडा एकच.

क्लॅममध्ये काहीच फिरत नाही. इंग्रजी व्हीसारखी एक खाच, आणि तिच्या दोन्ही भिंतींवर तिरपे कंगोरे. बस. हे नाव मुळात एका ब्रिटिश कंपनीचं, पण आता त्या घाटाच्या कुणाच्याही मालाला लोक तेच म्हणतात. दोर खाचेत दाबला की ताण त्याला कंगोऱ्यांवरून खाली खेचतो, आणि खाली खाच अरुंद होत जाते, म्हणून तो पाचरीसारखा बसतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. तोही पुलीच्या व्ही खाचेत जितका रुतेल तितका घट्ट धरतो.

इतकं सरळ असताना घोळ का व्हावा? कारण जुन्या होडीवरची वस्तू चित्रातल्यासारखी नसते. आमच्या एका कॅमचे जबडे मिठानं उघडेच चिकटले होते, त्यामुळे मध्ये एक रुंद, दातेरी, न हलणारी खाच दिसायची. मी म्हटलं क्लॅम. आणि बूमवरचा, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाच्या आडव्या काठीवरचा, खराखुरा क्लॅम हातात घेऊन भाचा म्हणाला, "मामा, याचे तर आतले भाग पडलेत, हा तुटलाय." म्हणजे आम्ही दोघंही चुकलो, तेही उलट्या दिशांनी.

सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानदाराला दोन्ही दाखवले. त्यानं क्लॅम उचलला आणि म्हणाला, "भिया, ये तो तंबू की रस्सी वाला है." बरोबरच होता तो. तंबूच्या, ताडपत्रीच्या दोऱ्यांना हा क्लॅम सर्रास लागतो. कॅमकडे त्यानं जरा वेळ पाहिलं आणि गुपचूप परत दिला.

शेवटी जी खूण सापडली ती वस्तूत नव्हती, भोकांत होती. कॅमचे दोन स्क्रू बहुतेक वेळा त्याच्या जबड्यांच्या पोटातूनच जातात, प्रत्येकातून एक, म्हणजे ते दोराच्या वाटेला आडवे पडतात, एक दोराच्या डावीकडे, एक उजवीकडे. क्लॅमचे दोन स्क्रू खाचेच्या तळाशी, एकामागे एक, दोराच्या वाटेच्या ओळीत. (काही क्लॅम बाजूनं बसवायचे असतात, त्यांना हा नियम लागू नाही.) त्यामुळे वस्तू गायब असली आणि नुसती दोन भोकं उरली असली, तरी तिथे काय होतं ते सांगता येतं. भोकांतलं अंतर मोजा. आडव्या भोकांचं अंतर २७ किंवा ३८ मिलिमीटर भरलं तर जवळपास नक्कीच कॅम, कारण लहान आणि मधल्या आकाराचे कॅम याच मापांवर येतात. भाच्यानं आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं, ३८ आलं, आणि आमच्या वहीत पहिली खात्रीची नोंद पडली.

दिशा ओळखायची रीत दोघांची वेगळी. कॅमच्या जबड्यांवर बोट ठेवा आणि दात स्वतःकडे ओढा. जबडा उघडला तर तुम्ही दोर ओढणाऱ्याच्या बाजूला आहात, मिटला तर ताणाच्या बाजूला. क्लॅममध्ये दोरीचा तुकडा खाचेत दाबून एकदा इकडे, एकदा तिकडे ओढा. एका बाजूला ओढल्यावर तो आत बुडतो, दुसऱ्या बाजूला ओढल्यावर वर चढून निसटतो. बुडतो ती ताणाची बाजू. नजरेनंही कळतं: कंगोरे ताणाच्या दिशेनं खाली उतरत जातात. पण चष्मा घालून बघा. मी बिनचष्म्यानं पाहून एक उलटा बसवला होता.

आता खरा प्रश्न. दोघं दोर धरतात, मग एकाच्या जागी दुसरा चालेल की नाही? मला वाटलं चालेल. तिथेच फसलो.

मध्येच एक खुलासा, कारण इथे सगळे अडखळतात. शीट म्हणजे शीड नव्हे. शीड आवरायच्या-सोडायच्या दोराला शीट म्हणतात. मोठ्या शिडाचा तो मेनशीट. होडी चालवताना तो सतत हातात असतो, वारा वाढला की सोडायचा, कमी झाला की घ्यायचा. आमच्या होडीत मेनशीटसाठी मधल्या आडव्या फळीवर एक फिरता हात, म्हणजे डावी-उजवीकडे वळणारा दांडा, होता आणि त्यावर कॅम. चिकटलेला तो हाच. मिठाचा थर जायला मी त्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं. दोन दिवस छान फिरला. मग रामबागेतली धूळ त्या तेलात बसून अशी लुकण झाली की जबडे आधी निदान उघडे तरी होते, आता अर्धवट मिटले. झटकन काढावा म्हणून जोर लावला, स्प्रिंग उडाली, तुळशीवृंदावनाजवळ कुठेतरी गेली.

दुसऱ्या दिवशी भोपाळला जायचं ठरलेलं. गोणीत एक जास्तीचा ॲल्युमिनियमचा क्लॅम सापडला. फिरत्या हातावर तो बसेना, भोकं आडवी, याला एकामागे एक हवीत. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी लाकडी फळीवरच दोन नवी भोकं पाडून तो थेट ठोकला.

बड्या तलावावर टेकडीच्या आडोशातून बाहेर आलं की वारा एकदम लागतो. लागला. होडी कलली, मी बाहेरच्या काठावर रेललो, मागून भाचा ओरडला, "मामा, सोडा! सोडा!" मी सोडला की. म्हणजे हात उघडला. पण दोर क्लॅममध्ये रुतून बसलेला, हातातलं टोक नुसतं लोंबतंय. मग पकडून वर ओढायला गेलो, तर मी काठावर, क्लॅमचं तोंड मागे, दोर तिरपा, खाचेच्या एका भिंतीला घासतोय आणि बाहेर येत नाहीये. तीन सेकंद असतील. तेवढ्यात शीड पाण्याला टेकलं आणि आम्ही दोघं तलावात. लाइफजॅकेटं होती. एंटरप्राइझ सरळ करता येते, पण वर येताना ती टाकीभर पाणी घेऊन येते. अर्धा तास डब्यानं पाणी उपसताना मला विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला.

कॅमही ताणाखाली आपोआप सोडत नाही. दोर जरा आपल्याकडे ओढून वर झटकावा लागतो. पण ओढल्याबरोबर जबडे स्वतः मागे वळतात, त्यामुळे दोर मोकळा होऊनच वर येतो. क्लॅममध्ये जबडेच नाहीत, दोर कंगोऱ्यांतून उपटावा लागतो, तोही बरोबर दिशेनं. शिवाय कॅम ज्या हातावर होता तो माझ्या बाजूला वळत होता. मी डावीकडे बसलो की डावीकडे, उजवीकडे गेलो की उजवीकडे. क्लॅम मागे तोंड करून गप्प बसलेला. एका वस्तूच्या बदलात मी तीन गोष्टी घालवल्या होत्या: जबडे, वळण आणि कोन.

(झोताच्या वाऱ्यात मेनशीट कुठल्याच क्लीटमध्ये अडकवू नये, हातात धरावा, हेही खरं. पण हात दुखतो तेव्हा प्रत्येकजण अडकवतो.)

याचा अर्थ क्लॅम कमी प्रतीचा, असं नाही. उलटी चूकही तितकीच वाईट. शीड वर चढवून ठेवायचा दोर म्हणजे हॅलियर्ड. तो एकदा बांधला की घरी परतेपर्यंत हात लावायचा नसतो. तिथे कॅम लावला तर पायाच्या धक्क्यानं किंवा दुसऱ्या दोराच्या झटक्यानं तो उघडू शकतो आणि अख्खं शीड डोक्यावर. हलक्या होडीच्या डोलकाठीवर तिथे क्लॅम चालतो, आणि खाली शिंगांचा क्लीट असेल तर राहिलेला दोर त्यावर गुंडाळला की काळजी मिटली. बूमवर शिडाचा तळ ताणणारी बारीक दोरी, शिडाची पुढची कड खाली खेचणारी दोरी, अशा एकदा कसून विसरायच्या सगळ्या ठिकाणी क्लॅमच बरा: हलका, स्वस्त, बिघडायला आत काही नाही. कॅम त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

सुकाणूवरचा क्लॅम तर बघण्यासारखा असतो. सुकाणूचं पातं पाण्यात खाली ठेवणारी दोरी त्यात अडकवतात. त्याचा एक प्रकार असा येतो की पातं तळाला आपटून ताण एकदम वाढला की क्लॅम स्वतःच उलटतो आणि दोरी सोडतो. आमच्याकडे तो होता. भाच्याला वाटलं याची बिजागरी ढिली झालीय, म्हणून त्यानं घट्ट करायला पाना आणला होता. वेळेवर दिसलं म्हणून वाचलं, नाहीतर काठाजवळच्या गाळात पहिल्याच फेरीत पातं मोडलं असतं.

दोराची जाडी दोघांनाही महत्त्वाची, पण क्लॅम त्याबाबतीत जास्त हट्टी. बारीक दोर खाचेच्या तळाला टेकतो आणि सरकतो, जाड दोर वरच राहतो आणि उडी मारून बाहेर येतो. कॅम थोडं सांभाळून घेतो, पण फार बारीक दोर दोन जबड्यांच्या फटीतून सुळकन जातो. म्हणून क्लीट सरकतोय असं वाटलं तर आधी दोर बघा. कुणीतरी कधीतरी बदललेला असतो.

झीजही वेगळी दिसते. क्लॅमचे कंगोरे चकचकीत, गोल झाले की त्याचं आयुष्य संपलं. हलक्या ताणात तो धरतो आणि जोराच्या वाऱ्यात सोडतो, म्हणून अंगणात नुसतं हातानं ओढून तपासू नका, दोर अडकवून अख्खं अंग टाका. प्लास्टिकचे लवकर जातात, ॲल्युमिनियमचे बरीच वर्षं. कॅममध्ये दातांची टोकं आणि स्प्रिंग, दोन्ही बघावी लागतात. जबडा आळसावल्यासारखा परत येत असेल तर आधी गोडं कोमट पाणी भरपूर सोडा. बहुतेक वेळा मीठ आणि वाळूच असते. तेल नको, ग्रीस तर अजिबात नको. लागलंच तर सुकणारा सिलिकॉनचा फवारा. तरीही अडत असेल तर स्क्रू अर्धा वळसा ढिला करून बघा. साध्या कॅममध्ये स्क्रू फार आवळला की जबडे दाबले जातात, आणि आपण स्प्रिंगला दोष देत बसतो.

नवा कॅम मुंबईहून मागवला, ३८ मिलिमीटरचाच, जुन्या फिरत्या हातावर तो पहिल्या फटक्यात बसला. फळीवरची माझी दोन भोकं इपॉक्सीनं बुजवली आहेत. वॉर्निश केलं तरी दिसतात. एकामागे एक, दोराच्या ओळीत. तो ॲल्युमिनियमचा क्लॅम आता अंगणातल्या कडुनिंबाला ठोकलाय आणि होडीवरची ताडपत्री धरतो. गेल्या पावसाळ्यात एकदाही सुटला नाही.