पेट्रोलची पिशवी

फ्युएल सेल म्हटल्यावर हायड्रोजनपासून वीज बनवणारं यंत्र आठवत असेल, तर ते सध्या विसरा. रेसिंगमध्ये पेट्रोलच्या टाकीलाच फ्युएल सेल म्हणतात. मात्र ही टाकी गाडी आपटली तरी फुटू नये, अशी बांधलेली असते.

बाहेरून दिसतो तो ॲल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा डबा. खरं काम करते त्याच्या आतली पिशवी. नायलॉन किंवा केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याच्या कापडावर रबराचा थर चढवून ती बनवतात. धातूची टाकी चेपली की आतलं पेट्रोल शिवण उसवून बाहेर येतं; पिशवी मात्र डब्यासोबत दुमडते आणि आकार बदलूनही शाबूत राहते. बाजारात नुसता ॲल्युमिनियमचा डबा, आत थोडा फोम आणि वर ‘फ्युएल सेल’चं लेबल, असा मालही मिळतो. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा गाडीची मूळ टाकी बरी. ती बहुधा मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटात असते. तिथून उचलून डिकीत डबा बसवला, तर मागून बसणाऱ्या धडकेच्या वाटेतच आपण पेट्रोल नेऊन ठेवतो.

मग टाकी बदलायचीच कशाला? बऱ्याच जणांना ही गरज आगीमुळे नाही, वळणावर कळते. टाकी पाव भरलेली, उजवीकडचं लांबलचक वळण, आणि मध्येच इंजिन गचका खातं. चिकट टायरवर गाडी १.२ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट, इतक्या जोराने वळत असेल, तर टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे ५० अंशांनी कलतो. सगळं पेट्रोल एका भिंतीवर चढतं आणि पंपाच्या तोंडाशी उरते हवा. चांगल्या सेलमध्ये यासाठी एक छोटा कप्पा असतो. त्याची झडपदारं फक्त आत उघडतात; पेट्रोल आत शिरतं, पण वळणावर बाहेर पळू शकत नाही. पंप त्या कप्प्यातून ओढतो.

सेलमध्ये भरलेला फोम पेट्रोलच्या उसळ्या आवरतो. शिवाय टाकीत हवा आणि वाफेचं मिश्रण पेटलंच, तर त्याच्या जाळीत ज्वाळेचा जोर मोडतो. स्वतः तो टाकीची जेमतेम ३ टक्के जागा खातो. पण फोम म्हातारा होतो. जुन्या सेलचं झाकण उघडून तो चिमटीत दाबला, तर कधीकधी त्याचा ओला भुगा बोटांना चिकटतो. हाच भुगा पुढे फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल, तर ते चालणारा फोम आणि पिशवी आधीच विचारून घ्यावी.

एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक नियामक संस्थेच्या मानकांत एफटी३, एफटी३.५ आणि एफटी५ अशा पायऱ्या आहेत. आकडा चढेल तशी पिशवी मजबूत. पिशवीवर मुदत छापलेली असते: ५ वर्षं, आणि निर्मात्याने तपासून दिली तर आणखी २. जुनी पिशवी स्वस्तात मिळाली, तर किमतीआधी ही तारीख वाचा.

क्षमतेचा हिशोब सोपा आहे. २० मिनिटांच्या फेरीत सरासरी ताशी १२० किलोमीटर धरले तर ४० किलोमीटर होतात. ट्रॅकवर लिटरला ३ किलोमीटर मिळाले, तर साधारण १३ लिटर लागले. म्हणजे ४० लिटरच्या सेलमध्ये दोन फेऱ्या आरामात. मोठी टाकी घेण्याचा मोह होतो, पण पेट्रोलचं वजन लिटरला पाऊण किलो. ८० लिटर भरले की ६० किलो झाले.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ती जोडणीची ठिकाणं. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची फॉर्म्युला वन गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यात घुसून पेटली. चौकशीत दिसलं ते असं: टाकीच्या तपासणीचं झाकण निसटलं होतं आणि पेट्रोल नेणारी जोडणी पिशवीतून उखडली होती. जगातल्या सर्वांत कडक नियमांखाली बांधलेल्या गाडीची ही गोष्ट. म्हणून सेल बसवताना नळ्या ताणून लावू नका, थोडी ढील ठेवा. ताण बसताच सुटणारी आणि सुटताना दोन्ही तोंडं बंद करणारी जोडणी घ्या. हवा जाण्याच्या नळीत गाडी उलटली तर बंद होणारी झडप हवी, आणि सेल व चालक यांच्यामध्ये धातूची सलग भिंत. त्या भिंतीत वायरींसाठी पाडलेली भोकंही बुजवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खालच्या फटीतून मुकाट्याने आत येते.