शिंग की हात? सेफॅलॅस्पिस आणि बोथ्रिओलेपिस ओळखताना

डेव्होनियन (सुमारे 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकात हाडाचं रुंद कवच, माथ्यावर जवळजवळ असलेले डोळे आणि दोन्ही बाजूंना मागे वळलेली टोकं दिसली, तर जीवाश्म दोन फार वेगळ्या माशांपैकी कोणाचाही असू शकतो. सेफॅलॅस्पिस बिनजबड्याचा, ऑस्टिओस्ट्रॅकन गटातला. बोथ्रिओलेपिस जबड्याचा, प्लॅकोडर्ममधल्या (हाडी पत्र्यांचं कवच असलेल्या प्राचीन माशांमधल्या) अँटिआर्क गटातला. खडकाच्या वयावरून निकाल लावू नये: कॅनडातल्या मिग्वाशा इथे बोथ्रिओलेपिस आणि ऑस्टिओस्ट्रॅकन एकाच थरसमूहात सापडतात. ‘जबडा दिसत नाही’ हाही पुरावा नव्हे. बोथ्रिओलेपिसचा जबडा लहान आणि पोटाकडच्या बाजूला असतो, तो बरेचदा खडकातच दडलेला राहतो.

आधी ती टोकं तपासा. सेफॅलॅस्पिसचं शिंग म्हणजे शिरोकवचाचाच वाढलेला कोपरा, मध्ये सांधा नाही; खवल्यांनी झाकलेला पर त्याच्या आतल्या बाजूला असतो. बोथ्रिओलेपिसचा ‘हात’ मात्र धडाच्या कवचाला सांध्याने जोडलेला, हाडी पत्र्यांत बंद आणि मध्ये कोपरासारखा दुमडणारा.

मग डोळे. बोथ्रिओलेपिसमध्ये दोन्ही डोळे, नाकपुड्या आणि पिनिअल पत्रा (माथ्यावरच्या प्रकाश जाणणाऱ्या अवयवावरचा छोटा हाडी पत्रा) कवचातल्या एकाच मोठ्या खिडकीत बसतात. सेफॅलॅस्पिसमध्ये डोळ्यांची दोन स्वतंत्र भोकं असतात, आणि त्यांच्यापुढे मध्यरेषेवर नाकाचं एकच छिद्र.

सगळ्यात जास्त घोळ शिवणींचा, म्हणजे दोन हाडी पत्रे जिथे जुळतात त्या रेषांचा. बोथ्रिओलेपिसचं कवच अनेक पत्र्यांचं, प्रौढ सेफॅलॅस्पिसचं शिरोकवच अखंड; पण त्याच्या पृष्ठभागावरची बहुकोनी जाळी पत्र्यांसारखी भासते. तिरप्या प्रकाशात पाहा: खरी शिवण डावी-उजवीकडे सारखी असते आणि तिच्यापाशी हाडावरची नक्षी थांबते. तडा नक्षी कापत जातो. संवेदी रेषांची (पाण्यातली हालचाल जाणणाऱ्या अवयवांची) खाच शिवणी ओलांडून सरळ पुढच्या पत्र्यावर जाते.

खडक चुनखडीचा असेल तर तो विरघळवायला 5 ते 10 टक्के ॲसेटिक आम्ल वापरावं, त्यात कॅल्शियम फॉस्फेट मिसळून, म्हणजे हाड झिजत नाही. प्रत्येक फेरीनंतर भरपूर वेळ पाण्यात ठेवावं. मागे राहिलेले ॲसिटेटचे स्फटिक सुकताना हाड फोडतात. हायड्रोक्लोरिक आम्ल हाडच खातं. हाड आधीच कुजून फक्त ठसा उरला असेल, तर लेटेक्सचा साचा घ्यावा.

नवी प्रजाती म्हणण्याआधी आकाराची मालिका लावा, म्हणजे नमुने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा. बोथ्रिओलेपिसच्या शंभराच्या आसपास प्रजाती वर्णिल्या गेल्यात, आणि वाढीबरोबर पत्र्यांची प्रमाणं बदलतात. एकाच पत्र्यावर उभी केलेली ‘प्रजाती’ अनेकदा लहान वयाचा मासाच निघू शकते.